जास्तीच्या मिती शोधायच्या तर गुरुत्वाकर्षणालाच का विचारायचं?

धागाकर्ती: नभांगणी

नमस्कार मंडळी,

मागे कृष्णविवरांच्या धाग्यावर स्ट्रिंग थिअरीचा (सगळे कण म्हणजे मुळात कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या सिद्धांताचा) विषय निघाला आणि 'दहा मिती वगैरे सगळं कागदावरचं, तपासता येत नाही' असा सूर बऱ्याच जणांनी लावला. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. माझं म्हणणं असं, की जास्तीच्या मितींचा प्रश्न हा मुळात गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न आहे आणि त्याचा काही भाग प्रयोगशाळेत चक्क मोजून बघता येतो. गेली पंचवीसेक वर्षं लोक तो मोजतही आहेत.

गोष्ट स्ट्रिंग थिअरीच्या खूप आधी सुरू होते. एप्रिल १९१९ मध्ये क्योनिग्सबर्गच्या थिओडोर कालुझाने आइनस्टाइनला आपलं काम कळवलं. व्यापक सापेक्षतेची समीकरणं त्याने चारऐवजी पाच मितींत लिहून पाहिली होती: अवकाशाच्या तीन, काळाची एक आणि अवकाशाचीच आणखी एक. त्यातून आइनस्टाइनची नेहमीची समीकरणं तर मिळालीच, शिवाय मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणंही बाहेर पडली. आइनस्टाइनला कल्पना आवडली, पण खात्री पटेना. लेख प्रशियन अकादमीपुढे यायला १९२१ चा डिसेंबर उजाडला.

पाचवी दिशा आहे तर दिसत का नाही? याचं उत्तर १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइनने दिलं. ती दिशा वर्तुळासारखी मिटलेली आहे आणि ते वर्तुळ अतिशय लहान आहे. त्या दिशेतला कणाचा संवेग आपल्याला विद्युतभार म्हणून जाणवतो. लहान वर्तुळात संवेग ठरावीक टप्प्यांतच राहू शकतो, म्हणून भारही ठरावीक पटींतच मिळतो. इलेक्ट्रॉनच्या भारावरून क्लाइनने वर्तुळाचा आकार काढला. एका सेंटिमीटरचे १ वर ३० शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या आसपास. पण या हिशेबात इलेक्ट्रॉन भयंकर जड निघायचा, आणि कल्पना मागे पडली.

आता स्ट्रिंग थिअरी. ती जन्मली अणुकेंद्रकातल्या तीव्र बलासाठी. १९६८ मध्ये गॅब्रिएले व्हेनेझियानोने कणांच्या टकरींचं एक सूत्र मांडलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत नाम्बू, नील्सन आणि ससकिंड यांच्या लक्षात आलं, की हे सूत्र कंप पावणाऱ्या तारेचं आहे. अडचण अशी, की या तारेच्या कंपनांत एक नको असलेला कण सतत हजर व्हायचा. वस्तुमान शून्य, फिरकी (स्पिन) दोन. तीव्र बलाच्या जगात असा कण नाही. त्याला घालवायचे बरेच प्रयत्न झाले. १९७४ मध्ये झोएल शेर्क आणि जॉन श्वार्त्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेया यांनी स्वतंत्रपणे, वेगळाच विचार केला. वस्तुमान शून्य, फिरकी दोन ही तर ग्रॅव्हिटॉनची, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या कल्पित कणाची ओळख! मग हा सिद्धांतच गुरुत्वाकर्षणाचा का मानू नये?

मला हे फार मोठं वाटतं. गुरुत्वाकर्षण या सिद्धांतात कुणी घातलं नव्हतं. बंद तार एकदा मान्य केली की ते टाळताच येत नाही. मितींचंही तसंच. न्यूटनच्या किंवा आइनस्टाइनच्या समीकरणांत मितींची संख्या आपण बाहेरून भरतो. स्ट्रिंग थिअरी ती स्वतः सांगते: साध्या तारेला २६, अतिसममिती (प्रत्येक कणाला वेगळ्या फिरकीचा एक जोडीदार असतो ही कल्पना) असलेल्या तारेला १०. दुसरा आकडा घातला की गणित कोसळतं.

शेवटचा दुवा १९९५ चा. तार दोन प्रकारची असते, बंद आणि उघडी. उघड्या तारेची टोकं 'डी-ब्रेन' नावाच्या पृष्ठभागांवर अडकलेली असतात, आणि या पृष्ठभागांचं खरं महत्त्व जोसेफ पोल्चिन्स्कीने त्या वर्षी दाखवलं. प्रकाश, इलेक्ट्रॉन, क्वार्क हे सगळे उघड्या तारांचे खेळ असतील, तर ते आपल्या ब्रेनला, म्हणजे आपलं जग ज्या पृष्ठभागावर आहे त्याला, जखडलेले राहतील. ग्रॅव्हिटॉन मात्र बंद तारेचा. त्याला टोकच नाही, मग अडकणार कुठे? तो सगळ्या मितींत फिरतो. तसं असेल तर कितीही मोठी दुर्बीण आणली तरी प्रकाशाने जास्तीची मिती दिसायची नाही. विचारायचं ते गुरुत्वाकर्षणालाच.

यावरूनच १९९८ मध्ये अर्कानी-हमेद, दिमोपौलोस आणि द्वाली यांनी एक धाडसी प्रश्न टाकला. दोन प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतक्या पट आहे. गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का? त्यांचं उत्तर असं, की ते मुळात दुबळं नसेलही. जास्तीच्या मितींत पसरल्यामुळे आपल्या वाट्याला पातळ होऊन येत असेल. व्यस्त वर्गाचा नियम मुळात भूमितीचा आहे. अंतर दुप्पट झालं की गोलाचं पृष्ठफळ चौपट होतं, म्हणून बल चौथाई. अवकाशाला चार मिती असत्या तर बल एक-अष्टमांश झालं असतं, पाच असत्या तर एक-सोळांश. मग गुंडाळलेल्या मितीच्या आकारापेक्षा जवळ गेलं, की न्यूटनचा नियम मोडलेला दिसायला हवा.

त्यांचा हिशेब असा होता: गुरुत्वाकर्षणाचं खरं बळ लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या (जिनिव्हाजवळच्या, कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या) ऊर्जेच्या पल्ल्यात असेल आणि जास्तीची मिती एकच असेल, तर ती सूर्यमालेएवढी लागते. म्हणजे ती शक्यता बाद, ग्रहांच्या कक्षांनीच ती खोडली आहे. दोन असतील तर आकार येतो मिलिमीटरच्या आसपास. आणि १९९८ साली मिलिमीटरच्या आत गुरुत्वाकर्षण नीट कुणी मोजलेलंच नव्हतं! सूर्यमाला मोजून झाली, आणि बोटांच्या चिमटीत मावेल एवढ्या अंतराचा पत्ता नाही.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या 'एओट-वॉश' गटाने ते मोजलं. २००७ मध्ये त्यांनी ५६ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यस्त वर्गाचा नियम टिकतो असं दाखवलं, २०२० मध्ये ५२ मायक्रॉन अंतरावर मोजमाप करून मर्यादा आणखी कडक केली. आज सगळ्यात मोठी गुंडाळलेली मिती असलीच, तर तिची त्रिज्या ३० मायक्रॉनपेक्षा कमी असली पाहिजे. नियम अजून मोडलेला नाही. पण 'तपासता येत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शंका, दुरुस्त्या, विरोध सगळ्यांचं स्वागत.

प्रतिसाद: रानवाटा

वाचतेय. पोल्चिन्स्कीचा परिच्छेद दोनदा वाचला तेव्हा कुठे 'गुरुत्वाकर्षणालाच का' ते डोक्यात शिरलं.

प्रतिसाद: पिंपळपान

ताई, लेख उत्तम. मी मापनयंत्रांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक शंका. ५० मायक्रॉनवर दोन धातूंचे पृष्ठभाग आणले तर स्थिरविद्युत बल गुरुत्वाकर्षणाला सहज गिळून टाकेल. सेन्सरवर साचलेला बारीकसा भार आमचं रीडिंग बिघडवतो. इथे तर मोजायचं आहे ते निसर्गातलं सगळ्यात क्षीण बल. हे वेगळं कसं काढतात?

प्रतिसाद: नभांगणी

@पिंपळपान, नेमका प्रश्न. त्या प्रयोगाची सगळी करामत तिथेच आहे.

बारीक टंगस्टनच्या तारेला एक चकती टांगलेली असते आणि तिला गोलाकार रांगेत छिद्रं पाडलेली असतात. खाली तशीच छिद्रांची दुसरी चकती सावकाश फिरते. छिद्र म्हणजे तिथे वस्तुमान नाही, म्हणून खालची छिद्रं वरच्या छिद्रांखालून सरकताना वरच्या चकतीला अगदी किंचित पीळ बसतो, तोही ठरलेल्या वारंवारतेने. तारेवरच्या आरशावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने तो पीळ मोजतात. वारंवारता माहीत असल्यामुळे इतर गोंगाटातून तेवढाच सूर वेगळा काढता येतो. स्थिरविद्युतसाठी दोन चकत्यांच्या मध्ये धातूचा अतिशय पातळ पडदा ताणून बसवतात. विद्युत परिणाम तो अडवतो, गुरुत्वाकर्षणाला अडवू शकत नाही.

त्याहून सुंदर युक्ती २००७ च्या प्रयोगातली. खालच्या चकतीखाली आणखी एक जाड चकती, तिची छिद्रं अशी सरकवलेली की न्यूटनच्या नियमाने येणारा पीळ ती जवळजवळ रद्द करते. ही जाड चकती दूर असल्यामुळे कमी पल्ल्याचं नवं बल मात्र ती रद्द करू शकत नाही. जे उरेल ते न्यूटनबाहेरचं. उरलं काहीच नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

प्रतिसाद: पिंपळपान

मोजायची गोष्ट मोठी करण्याऐवजी नको असलेली गोष्टच रद्द करायची. व्वा! उद्या ऑफिसात हे सांगणार आहे.

प्रतिसाद: उंबरठा

छान धागा. मला हे नेहमी दोरीवरच्या मुंगीच्या उदाहरणाने समजावलं गेलं. लांबून दोरी म्हणजे एक रेषा, पण मुंगीला तिच्याभोवती गोल फिरता येतं. तुम्ही ते मुद्दाम टाळलंत का?

प्रतिसाद: नभांगणी

@उंबरठा, हो, मुद्दामच. मिती लपते कशी एवढंच ते उदाहरण सांगतं. लपलेली मिती बलाचं काय करते, कणांचं काय करते, हे त्यात येत नाही. खरी गंमत तर तिथेच. शिवाय दोरीला बाहेरून बघणारा कुणीतरी असतो. इथे 'बाहेर' असं काही नाही. आपण प्रत्येक जण, आपला प्रत्येक अणू, त्या गुंडाळलेल्या दिशांसकटच आहे.

प्रतिसाद: अंकगणित

२६ हा आकडा कुठून येतो ते लिहायचा मोह आवरत नाही, थोडं गणित सहन करा.

तारेचं प्रत्येक कंपन हा एक स्वतंत्र दोलक. पुंजभौतिकीत प्रत्येक दोलकाची किमान ऊर्जा शून्य नसते. ती त्याच्या वारंवारतेच्या निम्म्या पटीत असते. तारेच्या वारंवारता १, २, ३, ४... अशा पटींत, त्यामुळे एका दिशेतल्या कंपनांची किमान ऊर्जा म्हणजे १+२+३+४+... च्या निम्मी. बेरीज अनंत! पण तिच्यातला अनंत भाग काटेकोरपणे वेगळा काढला, की सान्त भाग उरतो तो उणे एक-द्वादशांश. हेच उत्तर रामानुजनने १९१३ मध्ये हार्डीला लिहिलेल्या पत्रात होतं. त्याच्या निम्मे उणे एक-चोविसांश.

आता तार आपल्या लांबीला आडव्या दिशांतच खऱ्या अर्थाने कंप पावते. एकूण मितींतून दोन वजा करायच्या, एक काळाची आणि एक तारेच्या स्वतःच्या दिशेची. उघड्या तारेच्या पहिल्या उत्तेजित अवस्थेला नेमक्या तितक्याच दिशा असतात, आणि सापेक्षतेच्या नियमानुसार इतक्याच दिशा असलेला कण वस्तुमानरहितच हवा. ते जुळायला किमान ऊर्जेची बेरीज बरोबर उणे एक आली पाहिजे. उणे एक-चोविसांश गुणिले २४ म्हणजे उणे एक. आडव्या दिशा २४, अधिक दोन, झाल्या २६. क्लॉड लव्हलेसला हा आकडा १९७१ मध्ये वेगळ्या वाटेने सापडला. अतिसममिती आणली की प्रत्येक आडव्या दिशेचा वाटा बदलतो, आडव्या दिशा ८ लागतात आणि एकूण १०.

गणिताच्या वर्गात 'ही बेरीज काढू नका, ती अपसारी (अनंताकडे जाणारी) आहे' असं शिकून आलेल्या मला, त्याच बेरजेने विश्वाच्या मिती ठरवाव्यात याचं अजून नवल वाटतं.

प्रतिसाद: रानवाटा

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यावा. पु.ले.शु.

प्रतिसाद: सातपुडा

आपल्याकडे चौदा भुवनं, सप्तलोक सांगितलेत. त्यांचा या मितींशी काही संबंध लावता येईल का? कुणी अभ्यास केलाय?

प्रतिसाद: जुना मास्तर

सातपुडाजी, पुराणांतल्या लोकांची कल्पना तिच्या जागी मोलाची आहे. तिथे कोण राहतं, तिथे कसं पोहोचायचं, हे तिचे प्रश्न आहेत. इथली मिती म्हणजे हलायला मिळालेली आणखी एक स्वतंत्र दिशा. तिथे कुणी राहत नाही, आणि तिची लांबी मायक्रॉनमध्ये विचारावी लागते. दोन्हींची सांगड घातली तर दोन्हींवर अन्याय होईल असं मला वाटतं.

मूळ लेखात एक भर घालतो. मोठ्या मिती तीनच का, हा प्रश्न पॉल एरेनफेस्टने १९१७ मध्ये घेतला होता. अवकाशाला चार मोठ्या मिती असत्या तर सूर्याचं आकर्षण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी झालं असतं, आणि मग ग्रहांना स्थिर कक्षा मिळत नाहीत. किंचित धक्का लागला की ग्रह एक तर सूर्यात जाणार किंवा कायमचा दूर. म्हणून जास्तीच्या मिती असल्याच, तर त्या लहान असणं किंवा गुरुत्वाकर्षण काही कारणाने आपल्याजवळ धरून ठेवलेलं असणं भाग आहे. दुसरी वाट लिसा रँडल आणि रामन सुंद्रम यांनी १९९९ मध्ये दाखवली. त्यांच्या मांडणीत जास्तीची मिती इतकी वक्र असते, की ती अनंत असली तरी गुरुत्वाकर्षण आपल्या ब्रेनपाशीच साचून राहतं.

आणि हो, एओट-वॉशचा पीळ मोजणारा तराजू म्हणजे कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये गुरुत्वाकर्षण मोजायला वापरलेल्या तराजूचाच वंशज. शाळेत कॅव्हेंडिश शिकवताना आजही हे काम त्याच तत्त्वावर चालतं हे मुलांना जरूर सांगावं.

प्रतिसाद: कातळ

नभांगणी, मी तुमच्याशी निम्मा सहमत. तराजूने तपासली गेली ती १९९८ ची 'मोठ्या मितीं'ची कल्पना. मूळ स्ट्रिंग थिअरीत मिती प्लँक लांबीच्या (भौतिकीत अर्थपूर्ण मानल्या जाणाऱ्या सगळ्यात लहान लांबीच्या) आसपास असल्या तर कुठला तराजू पुरणार? कोलायडरमध्ये २०१५ पासून १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला टकरी झाल्या. ना ग्रॅव्हिटॉन पळून गेल्याची खूण, ना सूक्ष्म कृष्णविवरं, ना अतिसममित कण. त्यात सहा मिती गुंडाळायचे प्रकार म्हणे १ वर ५०० शून्ये इतके. काहीही निघालं तरी 'आमच्यात बसतं' म्हणायची सोय. याला विज्ञान म्हणायचं का?

प्रतिसाद: नभांगणी

@कातळ, तुमचा आक्षेप मला खरा वाटतो, आणि त्याला बगल देऊ नये.

मोठ्या मितींच्या कल्पनेला सगळ्या बाजूंनी घेरलं आहे. १९८७ च्या सुपरनोव्हाचंच घ्या. तो फुटला तेव्हा जपानच्या कामिओकांदेसह तीन शोधक यंत्रांनी न्यूट्रिनो (जवळजवळ कशातूनही आरपार जाणारे कण) पकडले, आणि तो झोत दहा-बारा सेकंद टिकला. गुरुत्वाकर्षणाला जास्तीच्या मितींत मुक्त वाव असता, तर ग्रॅव्हिटॉनांनी त्या ताऱ्याची ऊर्जा परस्पर पळवली असती आणि झोत लवकर आटला असता. जास्तीच्या दोन मितींच्या बाबतीत ही मर्यादा तराजूपेक्षाही कडक आहे. म्हणजे एक मांडणी होती, तिने नेमकी भाकितं केली आणि निसर्गाने तिला कोपऱ्यात ढकललं. माझ्या मते विज्ञान असंच चालतं.

तुमचा ५०० शून्यांचा मुद्दा मात्र खोल आहे. मुळात अडचण अशी होती, की गुंडाळलेल्या मितींचा आकार ठरावीक राहतच नव्हता. आकार बदलू शकला तर गुरुत्वाकर्षणासारखंच दूरवर पोहोचणारं एक जास्तीचं बल तयार होतं, आणि तसं बल कुठे दिसत नाही. आकार घट्ट कसे बांधावेत, आणि तेही आपल्यासारखं प्रसरण वेगावत जाणारं विश्व मिळेल असे, याची एक रीत २००३ मध्ये कचरू, कलॉश, लिंडे आणि त्रिवेदी या चौघांनी दिली. त्यातले संदीप त्रिवेदी मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे). आकार बांधला गेला, पण बांधायच्या तऱ्हा अफाट निघाल्या. कुठली तऱ्हा आपली, हे सांगता येत नसेल तर सिद्धांत अपुरा आहे, हे मी मान्य करते. पण अपुरा म्हणजे टाकाऊ असं मला वाटत नाही. पुंजभौतिकी आणि गुरुत्वाकर्षण विसंगतीशिवाय एकत्र नांदवणारी दुसरी मांडणी इतकी पुढे गेलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रतिसाद: कातळ

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. सुपरनोव्हाचं माहीत नव्हतं.

प्रतिसाद: गोदाकाठ

मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी (अवकाशकाळातल्या लाटा) टिपणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. या मितींच्या शोधात तिचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद: नभांगणी

@गोदाकाठ, होईल, पण वेगळ्या प्रकारच्या मितींसाठी.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरणं आली आणि काही तासांत दुर्बिणींना ती दीर्घिकाही सापडली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. म्हणजे एकाच घटनेचं अंतर दोन वाटांनी मिळालं: लहरींच्या जोरावरून आणि प्रकाशावरून. गुरुत्वाकर्षण वाटेत एखाद्या विशाल मितीत झिरपत असतं, तर लहरी अपेक्षेपेक्षा क्षीण होऊन पोहोचल्या असत्या आणि त्यावरून काढलेलं अंतर जास्त आलं असतं. तसं झालं नाही. २०१८ मध्ये पार्डो आणि सहकाऱ्यांनी यावरून अवकाशकाळाच्या मिती मोजल्या, उत्तर आलं ४.०२, म्हणजे मोजमापातल्या त्रुटीच्या मर्यादेत चारच.

ही चाचणी गुंडाळलेल्या लहान मितींबद्दल काही सांगत नाही. पण विशाल मितींसाठी अशा घटना जितक्या जास्त, तितकी मर्यादा कडक. शोधक यंत्रं पृथ्वीवर दूरदूर असली की लहर आकाशातल्या नेमक्या कुठल्या जागेहून आली ते चांगलं कळतं, मग दुर्बिणींना ती दीर्घिका लवकर सापडते. तिथे औंढ्याचा मोठा हातभार लागेल.

प्रतिसाद: गोदाकाठ

मनःपूर्वक धन्यवाद. हे आमच्या शाळेत सांगायला हवं.

प्रतिसाद: पिंपळपान

आता शेवटचं विचारतो. तीस मायक्रॉनच्या खाली शोधत राहायला काही कारण आहे, की केवळ मोजता येतं म्हणून मोजायचं?

प्रतिसाद: नभांगणी

कारण आहे, आणि ते ताजं आहे. विश्वाचं प्रसरण वेगावत जाण्यामागची कृष्ण ऊर्जा अतिशय विरळ आहे. तिच्या घनतेतून एक लांबी काढता येते, ती येते सुमारे ८५ मायक्रॉन. २०२२ मध्ये मोंतेरो, वाफा आणि वालेन्झुएला यांनी असा तर्क मांडला, की स्ट्रिंग थिअरीत इतकी कमी कृष्ण ऊर्जा असेल तर तिच्या जोडीला एक, आणि एकच, तुलनेने मोठी मिती असायला हवी. सुपरनोव्हा आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मर्यादा सांभाळून तिचा आकार मायक्रॉनच्या पट्ट्यात येतो. या कल्पनेला त्यांनी 'डार्क डायमेन्शन' म्हटलं आहे. कातळ, तुमच्या ५०० शून्यांतूनही नेमका एक आकडा पुढे करणारी ही मांडणी आहे, म्हणून मला ती विशेष आवडते.

तराजू आज तीस मायक्रॉनवर आहे. अजून दहापटीने खाली जाता आलं, तर दोनच गोष्टी होऊ शकतात: एक तर पीळ न्यूटनच्या हिशेबापेक्षा जास्त येईल आणि अंतर कमी करू तसा भराभर वाढत जाईल, नाहीतर ही कल्पनाही मोठ्या अडचणीत येईल. चकत्यांमधली फट कमी करणं, पडदा आणखी पातळ ताणणं, पृष्ठभाग आणखी सपाट करणं, सगळं काम आता तुमच्या क्षेत्रातलं आहे, पिंपळपान.

प्रतिसाद: पिंपळपान

सपाटपणाचं विचाराल तर पाच मायक्रॉनची फट ठेवायची असेल आणि चकती काही सेंटिमीटर रुंद असेल, तर नुसत्या सपाटीने भागणार नाही, दोन चकत्या समांतरही तितक्याच काटेकोर हव्यात. धुळीचा एक कण आला तरी संपलं. तापमान बदललं की तार लांबणार, फट बदलणार. अवघड आहे, पण अशक्य वाटत नाही. यावर वेगळा धागा काढतो, मापनातले इतर जाणकारही तिथे येतील.